दोन नाताळांचं घर

एडमंटन, अल्बर्टा, कॅनडा

प्रिय शैलू,

तुझं पत्र मिळालं. गावाकडची खुशाली कळली, आईंच्या गुडघ्याचं वाचून काळजी वाटली. तू विचारलंयस, लेकीचं मराठी टिकेल का गं तिकडे? हा प्रश्न माझ्याही मनात रोज असतो, आणि हल्ली त्याचं उत्तर मी शेजारच्या घरात शोधते. म्हणून आज त्या घराबद्दलच लिहिते.

शेजारीण पंचाहत्तरी उलटलेली, युक्रेनियन वंशाची. मी मनात तिला मावशीच म्हणते. तिचे आजी-आजोबा गॅलिशियातून आले. त्याचा पूर्वेकडचा भाग आज पश्चिम युक्रेनमध्ये आहे, तेव्हा सगळा ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या राज्यात होता. १८९१ मध्ये नेबिलिव्ह गावचे इवान पिलिपिव्ह आणि वासिल एलेनियाक हे दोघे शेतकरी इथली जमीन बघायला आले आणि मग गावंच्या गावं निघाली. पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे १,७०,००० माणसं आली. दहा डॉलर भरले की १६० एकर जमीन! पण ती जमीन म्हणजे रान. झाडं तोडायची, मुळं उपटायची आणि पहिला हिवाळा जमिनीत खड्डा खणून, वर गवताच्या ढेपा रचून काढायचा. त्या निवाऱ्याला ते बुर्देय म्हणत. इथला जानेवारी मी आता अनुभवलाय शैलू, उणे तीसला बाहेर श्वास घेताना नाक आतून गोठतं. त्या बायकांनी असल्या खड्ड्यात बाळंतपणं काढली.

एवढं करूनही १९१४ मध्ये ऑस्ट्रियाशी लढाई लागल्यावर ही माणसं एका दिवसात शत्रू ठरली, कारण कागदावर ती ऑस्ट्रियाची प्रजा होती. सुमारे ८०,००० जणांना नाव नोंदवून ठरल्या वेळी पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. साडेआठ हजारांवर लोक छावण्यांत डांबले गेले, त्यांत निम्म्याहून जास्त युक्रेनियन. मी तुला बान्फच्या डोंगरांचे फोटो पाठवले होते ना? तिथे कॅसल माउंटनच्या पायथ्याशी अशी एक छावणी होती आणि त्या परिसरातले रस्ते या कैद्यांनी बांधले. कॅनडाच्या संसदेने याची दखल घेणारा कायदा केला तो २००५ मध्ये. मावशीचे आजोबा छावणीत गेले नाहीत, पण मरेपर्यंत ते ओळखीचे कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवत. शेतात जातानासुद्धा.

ही भीती पुढे मुलांच्या वाट्याला आली. मावशीच्या वडिलांनी नोकरीसाठी आडनाव कापून छोटं केलं. मावशी शाळेत जायला लागली तेव्हा घरात सगळे युक्रेनियन बोलत आणि वर्गात ती भाषा तोंडातून निघाली की हातावर पट्टी बसे. पंचवीस डिसेंबरला गावाचा नाताळ, तेव्हा यांचे उपास चालू. यांचा नाताळ जुन्या कॅलेंडरप्रमाणे सात जानेवारीला, तेव्हा शाळा सुरू झालेली. आदल्या रात्री आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवायचं नाही. टेबलावर चादरीखाली वाळलं गवत, बारा पदार्थ, त्यांत मांस नाही की दूध-तूप नाही, आणि घरातल्या गेलेल्या माणसांसाठी एक ताट मांडलेलं. पहिला घास ‘कुत्या’ नावाच्या गोड पदार्थाचा. शिजवलेले गहू, मध आणि काळी खसखस. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा तुझ्या आजीची हुग्गी आठवली, फक्त दुधाविना. अशी रात्र जागवून मावशी सकाळी वर्गात बसायची आणि आदल्या रात्रीबद्दल अवाक्षर काढायची नाही. इतक्या सुंदर गोष्टीची लाज लहान मुलीला वाटावी, याचा मला आजही राग येतो.

थोरला मुलगा झाला तेव्हा मावशीने ठरवून त्याच्याशी इंग्रजीतच बोलायचं केलं. त्याच्या हातावर पट्टी बसू नये म्हणून. पुढे १९७१ मध्ये अल्बर्टाने शाळांत इतर भाषांतून शिकवायला परवानगी दिली आणि १९७४ पासून एडमंटनमध्ये अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस युक्रेनियन असे सरकारी शाळांचे वर्ग निघाले. आईबाप खेटे घालून मागे लागले होते म्हणून. धाकटी त्या वर्गात शिकली. पणजी अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटी तिच्याशी तासन्‌तास बोलायची, आणि थोरला तिचा हात धरून नुसता बसायचा. दोघंही तिच्या तितकीच जवळची. मावशीने मला हे सांगितलं तेव्हा मी घरी येऊन लेकीला जवळ घेतलं.

आता या घरात तिसरीच गोष्ट चालू आहे. २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर खारकीव्हहून एक आई आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा मावशीकडे राहायला आले. खारकीव्ह पूर्वेचं शहर, त्यांच्या घरात रशियन बोलत. बॉम्ब पडायला लागल्यावर आईने घरात युक्रेनियनच बोलायचं ठरवलं. मावशीची युक्रेनियन मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातली, मधे मधे इंग्रजी मिसळलेली. सुरुवातीला दोघींना एकमेकींचं धड कळेना, आणि मधला दुभाष्या कोण, तर तो मुलगा! दवाखान्यात, बँकेत, भाड्याच्या कागदांवर सही करताना आईच्या शेजारी तोच उभा. आईच्या तपासणीचे निकाल दहा वर्षांच्या पोराने आईला सांगायचे? मला ते बघवत नाही. आता शक्य तेव्हा धाकटी त्यांच्याबरोबर जाते, त्याला खेळायला सोडून.

आणि नाताळ? २०२३ मध्ये युक्रेनने अधिकृत सण पंचवीस डिसेंबरला आणला. रशियाच्या वाटेपासून दूर होण्यासाठी. तो मुलगा आणि आई पंचवीसला करतात, मावशी आजोबांच्या सात जानेवारीला. एका घरात दोन नाताळ, आणि आता दोन्ही युक्रेनियन. मुलगा दोन्ही दिवशी कुत्या खातो आणि वर्गात सगळ्यांना सांगत सुटतो. बाईंनी त्याला फळ्यावर चित्र काढून दाखवायला लावलं म्हणे. मावशी ते ऐकून कितीतरी वेळ हसत होती.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की नुसतं घरात बोलून पुरत नाही. घराबाहेर चारचौघांत ती भाषा मोठ्याने बोलता येईल अशी जागा लेकरांना लागते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या, मराठी शाळा इकडे बऱ्याच शहरांत भरतात. आम्ही चार घरांनी मिळून आमच्या भागातल्या मुलांसाठी शनिवारी सकाळी वर्ग घ्यायचं ठरवलंय. मावशीने तिच्या चर्चच्या हॉलमध्ये जागा मिळवून दिली.

तू इतकी वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेस, म्हणून हक्काने मागते. बालभारतीची पहिली आणि दुसरीची पुस्तकं पाठव, आणि तू वर्गात वापरतेस ती अक्षरांची कार्डंही. पहिल्या दिवशी गप्प बसणाऱ्या पोरांना बोलतं कसं करतेस, तेही सविस्तर लिही. वर्ग सप्टेंबरात सुरू करायचाय.

तुझीच,
मंदा