ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांसाठी

प्रिय ताई,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे लिहून काढतेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तत्त्वज्ञानात एम.ए. करून परदेशी पीएच.डी.ला अर्ज करावा असं मनात असलेली मुलं-मुली आपल्याकडे आहेत, पण त्यांना विचारायला माणूस नसतो. मला तुम्ही भेटलात. ओळख ना पाळख, पुण्यातल्या एकाच विभागात शिकलेल्या, एवढाच काय तो धागा. तरी स्वतःचा प्रबंध सांभाळून तुम्ही वर्षभर माझ्यासाठी वेळ काढलात.

सगळं वजन रायटिंग सॅम्पलला, म्हणजे अर्जासोबत पाठवायच्या आपल्या निबंधाला, हे तुम्ही पहिल्याच फोनवर सांगितलंत. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे, आपल्या टक्केवारीचा तिकडे नीट अर्थ लागत नाही, तेव्हा निवड समिती मन लावून वाचते ती ही पंधरा-वीस पानं. माझा निबंध बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या विग्रहव्यावर्तनी या ग्रंथावर होता. सगळंच शून्य, म्हणजे स्वतःचं स्वतंत्र अस्तित्व नसलेलं, असेल तर ‘सगळं शून्य आहे’ हे विधानही शून्य, मग ते कशाचं खंडन करणार, हा आक्षेप. आणि ‘नास्ति च मम प्रतिज्ञा’, माझी प्रतिज्ञाच, म्हणजे सिद्ध करायचं विधानच, नाही तर दोष कुठला, हे नागार्जुनाचं उत्तर. नागार्जुनाचा काळ आणि ग्रंथपरंपरा सांगणारी सुरुवातीची पानं तुम्ही एका परिच्छेदात बसवायला लावलीत आणि आक्षेप थेट पहिल्या पानावर आणवलात. पुढे आक्षेप घेणाऱ्या बाजूबद्दल, म्हणजे पूर्वपक्षाबद्दल, एका समासात लिहिलंत, ‘पूर्वपक्षाला इतक्या सहज हरू देऊ नकोस. तो याहून हुशार आहे.’ त्या ओळीपायी माझी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. ‘माझी प्रतिज्ञा नाही’ असं म्हणणं हीच एक प्रतिज्ञा होत नाही का, हे पूर्वपक्षाच्या तोंडून पुऱ्या ताकदीनं मांडल्यावर निबंध उभा राहिला. त्या आठवड्यांत मी जेवढं तत्त्वज्ञान शिकले, तेवढं कुठल्याच सेमिस्टरमध्ये शिकले नव्हते.

स्टेटमेंट ऑफ पर्पजमधलं, म्हणजे हाच विषय का हे सांगणाऱ्या अर्जातल्या निवेदनातलं, ‘लहानपणापासून ओढ’ तुम्ही खोडलंत, अमळनेर मात्र राहू दिलंत. आमच्या गावातलं तत्त्वज्ञान केंद्र १९१६ सालचं. टी. आर. व्ही. मूर्ती तिथे राहून काम करून गेले आणि पुढे १९५५ मध्ये माध्यमक दर्शनावरचा, म्हणजे नागार्जुनाच्याच परंपरेवरचा, त्यांचा ग्रंथ आला. ‘एकच वाक्य लिही, आणि लगेच तुझ्या प्रश्नावर ये,’ असं तुम्ही म्हणालात. तसंच केलं.

शिफारसपत्रांचं तर मला कुणीच सांगितलं नसतं. ‘विद्यार्थिनी नियमित व अभ्यासू आहे’ छापाच्या चार ओळी तिकडे कामाच्या नाहीत. शिफारस करणाऱ्यानं तुमचा युक्तिवाद काय होता, वर्गात तुम्ही कुठला प्रश्न लावून धरलात, आपल्याकडचे ६२ टक्के म्हणजे वर्गात कितवा नंबर, हे लिहायचं असतं. पण शेकडो पेपर तपासणाऱ्या सरांना हे सगळं लक्षात कसं राहणार? म्हणून तुम्ही मला एक पान तयार करायला सांगितलंत: कोणत्या वर्षी कोणता पेपर, त्यातला मुद्दा, सरांचा त्यावरचा शेरा. सरांना ते दिलं आणि त्यांनी खरंच सविस्तर पत्र लिहिलं.

अर्ज कुठे करायचे हा गुंताही तुम्हीच सोडवलात. भारतीय तत्त्वज्ञानावर काम करणारी तिकडची बरीच मंडळी धर्म-अध्ययन किंवा दक्षिण आशिया विभागात असतात. टोरांटोला जोनार्डन गनेरींसारखे तत्त्वज्ञान विभागातच असलेले कमी. विभाग बदलला की संस्कृतवरचा भर बदलतो, पुढे कुठल्या नोकऱ्यांना अर्ज करायचा तेही बदलतं. टफ्ट्स, नॉर्दर्न इलिनॉय, जॉर्जिया स्टेट, मिलवॉकी इथल्या फक्त एम.ए.पर्यंतच्या अभ्यासक्रमांतून चांगल्या पीएच.डी.ला जाता येतं, हे मला तुमच्याकडून कळलं. भारतात राहण्याचा पर्यायही तुम्ही हलका लेखला नाहीत. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि मनाजोगा मार्गदर्शक, हेही पर्यायांच्या तक्त्यात मांडायला लावलंत. अर्जाची फी माफ करून मागता येते, नम्रपणे एक ईमेल करायची, हे सांगून तर तुम्ही आमच्या घरावर उपकारच केलेत.

मग मार्चमध्ये निवडीची वेळ आली. एकीकडे इंग्लंडमधलं बडं नाव, मास्टर्स, शिष्यवृत्ती नाही. दुसरीकडे अमेरिकेतल्या पीएच.डी.च्या दोन जागा, दोन्हींत फी माफ आणि स्टायपेंड. पप्पा म्हणाले, नाव मोठं आहे, शेतावर कर्ज काढू. तुम्ही ‘इकडे जा, तिकडे जाऊ नको’ असं एकदाही म्हणाला नाहीत, फक्त विचारत गेलात. चौथ्या वर्षी तुझ्या प्रबंधाचं प्रकरण कोण वाचणार? तो माणूस निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला तर त्या विषयाचं दुसरं कोण आहे? स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा? एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर विद्यापीठाबाहेर मनासारखं काम करता येत नाही, मग उन्हाळ्यात भाडं कुठून देणार? आरोग्यविम्याचे पैसे विभाग भरतो की तू? किती सेमिस्टर शिकवायचं? वेबसाइटवर नोकरी लागलेल्यांची यादी असते. त्यांच्याबरोबर प्रवेश घेतलेले बाकीचे कुठे गेले?

तत्त्वज्ञान विभागांची क्रमवारी लावणाऱ्या गुर्मे रिपोर्टचे क्रमांक मी पाठ केले होते. ब्रायन लायटर यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली ती यादी प्राध्यापकांच्या लौकिकाबद्दल इतर प्राध्यापकांचं मत मोजते; मार्गदर्शन कसं मिळतं ते त्यात येत नाही, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. आणि दोन्ही विभागांतल्या विद्यार्थिनींशी, प्राध्यापक हजर नसताना, बोलणं घडवून आणलंत. एकीकडची म्हणाली की मसुदा दिला की महिनोन्महिने वाट बघायची. दुसरीकडची म्हणाली, तीन आठवड्यांत परत येतो, आणि समासात जागा उरलेली नसते. क्रमांकानं हा विभाग बराच खाली होता. मला तिथेच जायचं होतं, हे तो फोन ठेवताना कळलं.

एका विभागाकडून लवकर उत्तर द्या म्हणून आडून आडून निरोप येऊ लागले तेव्हा मी घाबरले होते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी १५ एप्रिलचा ठराव मान्य केला आहे, आर्थिक मदतीसह आलेल्या जागेवर त्या तारखेआधी निर्णय देण्याची सक्ती करता येत नाही, हे तुम्ही सांगितलंत आणि सभ्य उत्तराचा मसुदाही करून दिलात. त्याच वेळी बजावलंत की जी जागा नक्की नको आहे ती आजच सोड, प्रतीक्षायादीत कुणीतरी थांबलंय. मी त्याच संध्याकाळी उरलेल्या दोन्ही ठिकाणी नकार कळवला. पप्पांनाही तुम्ही स्वतः फोन केलात, तासभर बोललात, आणि शेताचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

ताई, ही सगळी माहिती काही घरांत जेवताना कानावर पडते. आमच्या घरात ती तुमच्यामुळे आली. तुम्ही ती हातचं न राखता दिलीत, आणि माझा निर्णय माझ्याकडेच ठेवलात. याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

ऑगस्टमध्ये निघतेय. विभागात निरोप घ्यायला गेले होते तेव्हा कळलं, शिफारसपत्र मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून सर आता ते एक पान लिहून घेतात. नमुना म्हणून माझंच दाखवतात. त्यावर तुमच्या हिरव्या शाईतल्या दुरुस्त्या तशाच आहेत.

तुमची,
अमळनेरची धाकटी बहीण