आत्याचं शून्य

ठाणे, रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय निवटे,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, आणि तुझ्या वाढदिवसाला नुसता गुलाबाचा फोटो. रागावली असशीलच, रागाव. मी बरी आहे. आईचा बीपी गोळ्यांवर आहे, माझा खांदा थंडीत धरतो. तब्येतीचं एवढंच.

आता ज्यासाठी बसलेय ते. मी तुझ्या आत्याला यादीतून खोडलं. गेले तीन आठवडे हे कुणाला सांगू ते कळत नव्हतं. कार्यालयात सांगितलं तर ते म्हणतील, यात काय एवढं? घरी सांगितलं तर आई विचारेल, कसली यादी? तुला दोन्ही बाजू ठाऊक आहेत.

खाडीच्या अभ्यासाचं काम मी घेतलंय हे तुला माहीत आहे. तिवरं आपल्यासाठी जे जे फुकट करतात, भरतीचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात, कोलंबीची पिल्लं वाढवतात, कार्बन चिखलात पुरून ठेवतात, त्या सगळ्याचं रुपयांत मोल काढायचं. काही गोष्टींचा बाजारभाव मिळतो. मासळीचा मिळतो. पण खाडी नुसती असावी, आपल्यानंतरही असावी, याला भाव कुठून आणायचा? तर घरोघर जाऊन विचारायचं: ही खारफुटी अशीच राहावी म्हणून तुमचं कुटुंब मालमत्ता कराबरोबर वर्षाला अमुक रुपये जादा भरेल का? हो की नाही. रक्कम घरागणिक बदलते, आणि सगळ्या उत्तरांवरून सरासरी बसवायची.

ही रीत हवेतून आलेली नाही. 1989 साली अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा अमेरिकेतल्या घरांना असंच विचारून नुकसानीचा 280 कोटी डॉलरचा आकडा काढला होता. त्यावर इतकं रण माजलं, की केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलवाल्यांच्या समितीने 1993 मध्ये प्रश्न कसा विचारायचा याचे नियम घालून दिले. मी ते नियम पाठ केलेत. ते पाळूनच मी मिठबंदराकडून आत शिरले आणि तुमच्या ओट्यावर गेले.

बाकीच्या घरांत मला खुर्ची दिली, आत्याने पाट दिला. जाळं मांडीवर, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. ‘सवाल इचारायला आलीस? जेवायला नाय?’ पहिले प्रश्न झकास झाले. खाडीतून काय मिळतं म्हटल्यावर ती खुलली. निवट्या, चिंबोऱ्या, बोईटं, शिवल्या, आणि पूर्वीचा जिताडा, तो तर तिने दोन्ही हात पसरून दाखवला. रोहित पक्ष्यांचं विचारलं तर म्हणाली, ‘नोव्हेंबरात येतात ते मेपर्यंत रवतात. जावईपन इतका रवत नाय.’ मी हसून हसून पेन खाली टाकलं.

मग तो प्रश्न आला. तिची सुई थांबली.

‘पैशे कोनाला द्यायचे, गो? खारीला?’

मी म्हटलं, खाडीच्या रक्षणासाठी निधी असेल, त्याला.

‘आमी खारीला नारल देतो, पुनवेला. तिनं पैशे कवा मागितले?’

नियम असा, की प्रश्न समजला नसेल तर तोच पुन्हा वाचायचा. मी पुन्हा वाचला, निवटे. तिच्यासमोर, ज्या पाटावर आपण दोघी एका ताटात जेवलो त्या पाटावर बसून, सरकारी मराठीत पुन्हा वाचला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला. म्हणाली, ‘घान वरनं येते. ज्यांनी केली त्यांना जाऊन इचार. मी माज्याच खारीचं भाडं भरू?’

मी रकान्यात शून्य लिहिलं, आणि पुढे सांकेतिक अक्षर: नि. निषेध.

आमच्या शास्त्रात शून्यं दोन प्रकारची असतात. एक खरं शून्य: माणूस म्हणतो, मला खाडीचं काही पडलेलं नाही, किंवा देववत नाही. दुसरं निषेधाचं: त्याला खाडी हवी आहे, पण प्रश्नच मान्य नाही. हे दुसरं सहसा सरासरीतून काढून टाकतात. कारणही सरळ आहे. जिला खाडी सगळ्यात जास्त हवी, तिला शून्य धरलं तर हिशेब उलटाच होईल. म्हणजे आत्याला ठेवलं तर खाडी स्वस्त होते, काढलं तर महाग. मी खाडीच्या भल्यासाठी आत्याला काढलं. एक कळ दाबली आणि ओळ गेली. त्या रात्री मला झोप आली नाही.

तिचं ते ‘भाडं’ डोक्यातून जात नाही. आपण ‘किती द्याल’ विचारतो तेव्हा खाडी तुमची नाही हे आधीच ठरवून टाकलेलं असतं. तुमची असती तर विचारलं असतं, ‘किती घेऊन सोडाल?’ या दोन प्रश्नांची उत्तरं कधी जुळत नाहीत, दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा कितीतरी पटींनी मोठं येतं. म्हणूनच त्या 1993 च्या समितीने पहिला प्रश्न विचारा म्हटलं, कारण दुसऱ्याची उत्तरं आवाक्यात राहत नाहीत. पण आवाक्यात राहावं म्हणून मालकी बदलायची का? शाळेची पायरी न चढलेल्या बाईने आमच्या प्रश्नावलीतली खोच सुई थांबवून दाखवली.

दुसरी रीत याहून वाईट. माणूस एखाद्या जागी जायला किती खर्च करतो यावरून त्या जागेचं मोल काढायचं. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्र्याने 1947 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानवाल्यांना पत्रातून सुचवली होती. ऐरोलीला बोटीतून रोहित बघायला जे येतात त्यांचं पेट्रोल, तिकीट, सुट्टीचा वेळ, सगळं मोजलं जातं. आत्याचा प्रवासखर्च किती? ओट्यावरून उतरली की खाडी. शून्य. इथेही शून्य!

तुला ती संध्याकाळची कर्जत लोकल आठवते? मी एमएच्या पहिल्या वर्षाला होते आणि रॉबर्ट कोस्टान्झा या पर्यावरण-अर्थशास्त्र्याचा 1997 चा लेख वाचून पेटले होते. सगळ्या पृथ्वीच्या निसर्गसेवा वर्षाला 33 लाख कोटी डॉलरच्या, आणि सगळ्या देशांचं मिळून उत्पन्न तेव्हा 18 लाख कोटी! मी डब्यात ओरडून सांगत होते. तू शेंगा सोलत विचारलंस, ‘आणि विकत कोण घेणार?’ डोंबिवलीपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. मायकेल टोमन नावाच्या अर्थशास्त्र्याने 1998 मध्ये त्याच आकड्याला ‘अनंताचा फारच कमी धरलेला अंदाज’ म्हटलं होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तू ते शेंगा सोलता सोलता म्हणून गेलीस.

पण थांब, लगेच जिंकू नकोस. मी हे काम सोडणार नाही, आणि का ते तुला ऐकावं लागेल. आकडा नसला की फायलीत खाडी ‘पडीक दलदल’ होते, आणि दलदलीचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. 1999 च्या चक्रीवादळात ओडिशातल्या केंद्रपाड्यात ज्या गावांपुढे तिवरांचा पट्टा रुंद होता तिथे माणसं कमी मेली, हे सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी 2009 मध्ये गावागावांची आकडेवारी लावून दाखवलं. कोळ्यांना ते आधीपासून माहीत होतं म्हणशील. होतंच. पण मंत्रालयात ‘माहीत होतं’ चालत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आपण दोघी कुठे होतो ते मी लिहीत नाही, तुला आठवतं. पाण्याला जायला जागा लागते हे त्या रात्री कळलं. ती जागा हिशेबात यावी म्हणून मी या धंद्यात आले.

भीती पुढच्याच पायरीची आहे. एकदा आकडा पडला, की तो भरून मोकळं होता येतं. वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर हेक्टरी ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे त्या जंगलापासून पुढे मिळणाऱ्या लाभांची आजची किंमत, भरावं लागतं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जंगलाच्या प्रतीप्रमाणे 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये ठरवून दिलं. हेतू चांगलाच होता, असं मूल्य लागायच्या आधी तर जंगल जवळजवळ फुकटच जात होतं. पण घोडबंदरच्या एका फ्लॅटचा तेव्हाचा भाव आठव आणि मग हेक्टरी 10 लाख म्हणजे काय ते बघ. आणि ‘वर्तमान’ या शब्दात केवढं पोट आहे! 50 वर्षांनी मिळणारे 10 लाख आज किती धरायचे? वर्षाला 3 टक्के सूट धरली, म्हणजे दर वर्षामागे किंमत त्या दराने कमी करत आणली, तर सव्वादोन लाखांच्या वर. 8 टक्के धरली तर 21 हजार. म्हणजे दर मी कोणता निवडते यावर तुझ्या लेकीच्या मुलांची खाडी उरते किंवा उरत नाही. तो रकाना भरताना माझा हात खरंच थरथरतो.

होडीच्या वेळचं भांडण आठवतं ना? तुझ्या बाबांनी होडी विकून टाकायची ठरवली, आणि मी वहीत मांडून दाखवलं की लाकूड, इंजिन, जाळी मिळून एवढे येतील. हिशेब बरोबर होता. तू दीड महिना बोलली नाहीस. मला तेव्हा वाटलं तू अडाण्यासारखं वागतेस. ते मी आज मागे घेते, वीस वर्षांनी, लेखी.

तर आता असं केलंय. ओळ परत आणली. निषेधाची सगळी उत्तरं वेगळ्या तक्त्यात मांडली, सरासरीत नाही पण अहवालाच्या पोटात, पहिल्याच प्रकरणात. प्रत्येकाने काय कारण दिलं तेही. वाचत गेले तर कोळीवाड्यातली बहुतेक उत्तरं आत्याच्याच वळणाची निघाली, कुणी ‘भाडं’ म्हणालं नाही इतकंच. वरिष्ठ म्हणतात, परिशिष्टात एक ओळ पुरे, वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. मी म्हटलं, होऊ दे. बुधवारी अहवाल जायचा आहे आणि त्यांच्याशी पुन्हा बसायचंय. त्यांनी ऐकलं नाही तर माझं नाव त्यावर ठेवायचं की नाही, ते अजून ठरत नाहीये. हे एकदा फोनवर बोल माझ्याशी.

आणि आत्याचं वाक्य जसंच्या तसं छापायचंय, नाव न घालता. ती म्हणाली, ‘लिव की, चोरी केलीय का?’ पण तिला मी खोडल्याचं सांगितलेलं नाही. तू सांगशील? की मीच जाऊ? गेले तर ती जेवायला बसवेल, आणि जेवताना मला सांगता येणार नाही.

तुझं काय, बदलीचं झालं का? नागपूरचा उन्हाळा यंदा तरी शेवटचा ठरू दे. लेकीला दहावीचं टेन्शन देऊ नकोस, आपण काय दिवे लावले होते. भाऊजींना नमस्कार. नव्या घराचे फोटो पाहिले, गॅलरी मस्त.

वहिनी मंगळवारी तिकडे येतेय, तिच्याबरोबर हे पत्र आणि आत्याने दिलेली सुकट पाठवतेय. सुकट दोन पिशव्यांत घट्ट बांधली आहे, वरची सोडू नकोस, पत्राला वास लागला तर वहिनी मला डब्यातून ढकलेल. मिळाल्या मिळाल्या फोन कर, बुधवारच्या आत.

तुझी
मास्तरीण