थिबाच्या गावी जाऊन आले

रत्नागिरी, २० जानेवारी २०१९

प्रिय सुमे,

सोबतच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वाटी आहे. आधी ती बाहेर काढ आणि काठ दोन बोटांनी दाब. घाबरू नकोस, मोडत नाही. समोरासमोरचे काठ एकमेकांना टेकतात आणि सोडले की वाटी पुन्हा गोल. दुकानात मी हे इतक्या वेळा केलं की शेवटी त्या बाईने ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली.

इंग्रजांनी आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलेला थिबा राजा ज्या ब्रह्मदेशाचा, त्या म्यानमारमधल्या बगानजवळच्या म्यिंकाबा गावची आहे. बांबूच्या बारीक काड्यांवर घोड्याचे केस विणतात आणि त्यावर एका झाडाचा काळा चीक हाताने चोपडतात. त्याला थित्सी म्हणतात. झाड आपल्या काजूच्या, बिब्ब्याच्या कुळातलं. हे कळल्याबरोबर मी हात मागे घेतला! तुमच्या परसात ओल्या काजूच्या बिया सोलून आपल्या बोटांची सालं निघाली होती, आठवतं ना? एक थर दिला की वाटी तळघरात ठेवायची, कारण हा चीक उन्हात नव्हे, दमट हवेत वाळतो. आपल्या पावसाळ्यात जगातली ही एकच गोष्ट वाळली असती. मग घासायची, पुन्हा थर, पुन्हा तळघर. चांगल्या वाटीला असे दहा-बारा थर चढतात, महिने जातात. नक्षी कोरायची ती सुईसारख्या सळईने, खाली रेघ न आखता. एक पोरगी मांडीवर वाटी फिरवत हत्ती कोरत होती आणि तोंडाने शेजारणीशी गप्पा चालू, नजरही निम्मा वेळ शेजारणीकडेच. कोरून झालं की अख्ख्या वाटीला रंग फासून पुसतात, म्हणजे खाचेत तेवढा रंग उरतो. पुढच्या रंगासाठी पुन्हा कोरायचं. तुझ्या वाटीत तीन आहेत, मोज.

बगानच्या देवळांचं फार लिहीत नाही. दोन हजारांवर देवळं-स्तूप उभे आहेत, आणि तिसऱ्या दिवशी माझी अवस्था गणपतीत वाडीभर आरत्या करून आल्यासारखी झाली होती. आनंद देवळातला दक्षिणेकडचा बुद्ध मात्र विसरणार नाही. लांबून हसतो, जवळ गेलं की गंभीर होतो. आपल्या शाळेतल्या मोठ्या बाई आठवल्या, फक्त त्यांचं उलटं होतं.

तिथून इनले तलावावर गेलो. कोळी होडीच्या टोकाला एका पायावर उभा राहतो आणि दुसऱ्या पायाने वल्हं वेटाळून मारतो, हात जाळ्यासाठी मोकळे. फोटोत ही कसरत वाटते. पण पाण्यात शेवाळ-गवत इतकं की बसून पुढचं दिसतच नाही, म्हणून उभं राहायचं. टोमॅटोचे मळेसुद्धा तरंगते, बांबू रोवून जागच्या जागी धरलेले. बाजार पाच दिवसांच्या पाळीने गावोगाव फिरतो. आम्हाला सापडला त्यात एक बाई भातशेवयांवर पिवळं, घट्टसर काही ओतत होती. तोहू म्हणाली. सुमे, पिठलं गं! चण्याच्या पिठाचं चक्क पिठलं, फक्त फोडणी नाही, वर तीळ आणि शेंगदाणे. मी दोन वाडगे खाल्ले. तिच्या शेजारी थनाकाची खोडं विकायला होती. आपण चंदन उगाळतो तसंच सहाणेवर उगाळून गालाला लावतात, बायाच नव्हे, बापेही.

इनपॉखोन गावात कमळाच्या देठांचं सूत काढतात. पाच-सहा देठ एकत्र धरून वरवर चिरायचे, मोडून ओढायचे, की मधून कोळिष्टकासारखे तंतू निघतात. ते ओल्या पाटावर तळहाताने वळायचे. संस्कृतच्या तासाला मृणालतंतू म्हणताना आपण खिदळायचो, ते हे. एका उपरण्याला हजारो देठ लागतात. किंमत ऐकली आणि घडी होती तशी परत ठेवली.

तलावावरच्याच फाउंग डॉ ऊ देवळात पाच बुद्धमूर्ती आहेत, पण मूर्ती म्हणवत नाही. भक्तांनी सोन्याचा वर्ख चिकटवून चिकटवून नुसते गोळे उरलेत, डोकं कुठलं नि धड कुठलं कळत नाही. अजय म्हणाला, चमत्कारिक आहे. मी म्हटलं, आपल्या वेशीवरच्या मारुतीला शेंदराच्या थरांखाली नाक कुठे आहे ते सांग, मग बोल.

हा वर्ख मंडालेत कुटतात. उघडबंब पुरुष जाड हातोड्याने बांबूच्या कागदातलं सोनं तासन्‌तास ठोकत असतात. वेळ मोजायला भोक पाडून पाण्यात सोडलेली करवंटी, म्हणजे लग्नातलं घटिकापात्र. मी एक पुडी घेतली. पण तिथल्या महामुनी देवळातल्या बुद्धाला वर्ख लावायला पुरुषच वर चढतात, बायका खाली बसून बघतात. अजय माझी पुडी मागत होता. दिली नाही.

आणि थिबाचं घर. मंडालेचा राजवाडा १९४५ मध्ये जळाला, आता दिसतो तो नंतर बांधलेला. खरा उरलाय तो श्वेनानडॉ मठ. थिबाचा बाप मिंडोन राजा ज्या दालनात वारला ते थिबाला राजवाड्यात नकोसं झालं, म्हणून त्याने ते सागवानी दालन उचलून कोटाबाहेर नेलं. तेवढंच वाचलं. आत खांबांवर सोनं आहे, बाहेरचं कोरीवकाम उन्हापावसाने काळं पडलंय. मी ड्रायव्हरला सांगितलं, मी रत्नागिरीची. आधी त्याला कळेना, मग एकदम "यदनागिरी!" म्हणाला आणि गप्प झाला. जरा वेळाने विचारलं, समाधी नीट आहे का?

काय सांगणार? आपण थिबा पॉइंटला भेळ खायला जायचो, राजवाड्याच्या आवारात चिंचा पाडायचो, समाधीकडे आयुष्यात एकदा गेलो असू, तेही चुकून. टिळकांची मंडाले आपल्याला पाठ, पण १९०८ मध्ये त्यांना तिकडे नेलं तेव्हा तिथला राजा बावीस वर्षं त्यांच्याच जन्मगावात बसून होता, हे कोणी म्हटल्याचं आठवत नाही. इथेच १९१६ मध्ये गेला. नीट आहे, असं मी ड्रायव्हरला ठोकून दिलं.

पुडी अजून माझ्या पर्समध्ये आहे. मे महिन्यात येशील तेव्हा एकदा समाधीवर जाऊ. सकाळी लवकर जायला हवं, वारा सुटला की वर्ख बोटावर राहत नाही.

तुझी,
नंदा