हौशी कोण, हे पैशावरून ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बुद्धिबळाच्या प्रोग्रामवरचा तुमचा रविवारचा लेख आमच्या गावात सोमवारच्या एसटीने पोचला. ‘पैसे घेत नाही तो हौशी, घेतो तो व्यावसायिक’ हे त्यातलं वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही. गेल्या हिवाळ्यात याच नियमाने माझ्या मुलीवर अन्याय झाला.

जुन्या लॅपटॉपवर, लाईन असेल तेव्हा बसून, तिने दीड वर्षात बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला. राजा एकदा हलून जागेवर परत आला तरी तो प्रोग्राम किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकदम हलवायची चाल) करायचा, जो नियमाने तेव्हा चालत नाही. ती चूक शोधायला आठ दिवस गेले. सापडली तेव्हा रात्री दीड वाजता तिने मला उठवून दाखवली. प्रदर्शनात मात्र तिला व्यावसायिक गटात टाकलं. का, तर गावातल्या कृषी केंद्राला बिलाची शीट करून दिल्याचे ३०० रुपये तिने घेतले होते आणि फॉर्मवर ते खरं लिहिलं होतं. हौशी गटात पहिला आलेला प्रोग्राम म्हणजे वरून नाव नि रंग बदललेला स्टॉकफिश, हा फुकट मिळणारा तयार बुद्धिबळ प्रोग्राम. मुलीने तिथल्या तिथे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत ‘यूसीआय’ (प्रोग्रामला आपली ओळख सांगायला लावणारी आज्ञा) टाइप केलं, तर खरं नाव उमटलं. परीक्षक म्हणाले, ते फुकटच असतं, कोणीही घ्यावं.

फुकट आहे, बेवारस नाही! २००८ पासून कितीतरी लोकांनी पदरचा वेळ घालून तो वाढवला आहे. घ्या, बदला, विकासुद्धा. पण परवाना आणि कोड सोबत द्या, एवढीच त्यांची अट. रिब्का या बुद्धिबळ प्रोग्रामची विश्वविजेतेपदं २०११ मध्ये काढून घेतली, ती फ्रूट आणि क्राफ्टी या दुसऱ्या प्रोग्रामांचा कोड उचलल्याचा ठपका ठेवून. पैसे कोणी घेतले हा तिथे प्रश्नच नव्हता, लिहिलं कोणी हा होता. १९९६ मध्ये जाकार्तात मायक्रोकॉम्प्युटर बुद्धिबळाची जागतिक स्पर्धा जिंकलेल्या श्रेडर या प्रोग्रामचा कर्ता तर विद्यार्थी होता, पुढे त्याने तोच प्रोग्राम विकला. तुमच्या व्याख्येत त्याला कुठे बसवायचं?

माझ्या मुलीला बक्षीस नको होतं. तिला आपल्या गटात खेळायचं होतं.

आणखी एक. त्याच पानावरच्या कोड्यात पांढऱ्याचे दोन्ही उंट काळ्या घरांत छापले आहेत. उंट तिरका चालतो, घराचा रंग बदलत नाही; म्हणून एक काळ्या घरात तर दुसरा पांढऱ्या घरात हवा. एखाद्या प्याद्याचा उंट झाला म्हणावं, तर त्याची आठही प्यादी पटावर आहेत. मुलीने त्यावर पाऊण तास घालवला. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ