वरची खोली

पुणे

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहिते आहे. इंदूरच्या नोकरीला मी काल नकार कळवला. आणखी दोन वर्षं पुण्यातच राहणार. बाबा, तुम्ही वरची खोली रंगवून घेतलीत हे ताईकडून कळलं, तेव्हापासून घास उतरत नाहीये. पण माझं ऐकून घ्या.

आमच्या प्रयोगशाळेत सकाळी दात्यांचं रक्त येतं. पिशवीवर नाव नसतं, नुसता नंबर. संशोधनासाठी वापरायची संमती दात्याने लिहून दिलेली असते. ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तळाशी लाल पेशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि मधे एक पातळ, पांढुरका थर धरतो. आई, तू दुधावरची साय न मोडता काढायचीस ना, तितक्या हलक्या हाताने तो पिपेटने उचलायचा. पांढऱ्या पेशी त्यात असतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल फार अल्पायुषी, म्हणून आज आलेलं रक्त उद्यावर टाकता येत नाही. रात्री नऊला तुमचा फोन उचलत नाही तो त्यामुळे. रागावून नाही गं.

या पेशी जंतूंशी लढतात हे बाबांना माहीत आहेच. त्यांना आवरतं कोण, हे आम्ही बघतो. टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार; त्यांतल्या काही थोड्या बाकीच्यांना लगाम घालतात. जपानी शास्त्रज्ञ साकागुचींनी 1995 मध्ये त्या ओळखून दाखवल्या, 2025 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच; तुम्हीच कात्रण पाठवलं होतंत, बाबा. लगाम सैल पडला की शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. आई, तुझ्या बोटांत हेच चाललंय. माझ्या कामातून तुला लगेच औषध मिळेल असं खोटं सांगणार नाही. पण निरोगी माणसात लगाम कसा चालतो हे नीट कळल्याशिवाय आजारात तो कुठे सुटतो ते कळायचं कसं? सकाळी तुझी मूठ वळत नाही, आणि हे अर्धवट टाकून मी दुसरीकडे रिपोर्ट छापत बसू? माझ्याच्याने नाही होणार.

बाबा, तुमच्या रक्तदानाच्या कार्डावरचे शिक्के मोजायचा मान माझा होता, आठवतं? शिबिरात तुमच्या वाटचं बिस्किटही मलाच. एकदा मी कोपरावरचा कापूस ओढला, रक्त आलं, मी भोकाड पसरलं. तुम्ही म्हणालात, "अगं वेडे, पुन्हा तयार होतं." अजूनही पिशवी हातात घेतली की ते आठवतं.

माझ्या जेवणाची काळजी नको. डबा चांगला आहे, पोळ्या मऊ असतात. पोह्यांना इंदूरची चव नाही, पण वरून घालायचा जिरावन मसाला अजून अर्धी बाटली आहे.

आता आई, तुझ्या सांध्यांच्या गोळीचं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. चुकल्यासारखं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही. मावशीच्या वेळचं विसरू नकोस. त्या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, तेव्हा सीबीसी, म्हणजे पेशी मोजायची रक्ततपासणी, टाळायची नाही, आणि ताप आला तर अंगावर न काढता त्याच दिवशी डॉक्टरांकडे. बाबा, नर्मदेचं पाणी येईल त्या दिवशी बादल्या तुम्ही वर न्यायच्या नाहीत. मुलाला पैसे देऊन भरून घ्या. पैशाचं मी बघते.

दिवाळीला आठ दिवस येते, रजा मागितली आहे. तोवर वरच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, वास जाईल. रंग कोणता दिलात ते ताईने सांगितलंच नाही.

तुमची,
चिमू