केळीची रोपं होतात, मग कळलावीची का नाही?

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या जळगावकडं टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून लॅबच्या बाटलीत रोपं करणं, म्हटलं की केळी, त्यातही ग्रँड नैन जात, विषय संपला. मी पण तेच लावतो, शिवाय घरचं छोटं शेडनेट आहे, बाटलीतली रोपं आणून हार्डनिंग करून, म्हणजे बाहेरच्या हवेची हळूहळू सवय लावून, देतो. पण सातपुड्याच्या पायथ्याला श्रावणात कुंपणावर लाल-पिवळी कळलावी चढलेली दिसायची ती आता शोधावी लागते, कारण लोक फुलाला नाही, खालच्या कंदालाच हात घालतात. वातरक्तावर, म्हणजे गाऊटवर, जे कोल्चिसिन देतात ते हिच्यात असतं, कंदात आणि बियांत.

कंद नांगराच्या फाळासारखा दोन फाट्यांचा, म्हणून आयुर्वेदात नाव लांगली. मागच्या वर्षी मी दोन आणले, उगवायचा डोळा फाट्याच्या टोकाला असतो हे माहीत नव्हतं, पिशवीतच एकाचं टोक मोडलं आणि तो तसाच सडला. (हात साबणाने धुवा बरं का, आख्खं झाड विषारी आहे.) एका कंदाचे वर्षाला जेमतेम दोन होतात, बी कडक कवचाचं, उगवायला फार वेळ लावतं. म्हणजे खोदणाऱ्याच्या स्पीडने ही वाढूच शकत नाही.

लॅबमध्ये तोच डोळा काढून निर्जंतुक करून एमएस मीडियावर, म्हणजे रोपाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांच्या मिश्रणावर, ठेवतात, हे मीडियम १९६२ पासून जगभर चालतंय, सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक दिलं की कोंब फुटतात, ऑक्झिन या दुसऱ्या संप्रेरकावर मुळं. अडचण बुरशीची, मातीतला कंद आहे ना, बाटल्याच्या बाटल्या फेकाव्या लागतात. एका लॅबवाल्याला विचारलं तर म्हणाला, भाऊ, केळीची ऑर्डर सोडून हे कोण करणार? त्याचंही खरं आहे, धंदा आहे शेवटी. म्हणून हे वनखात्याने आणि कृषी विद्यापीठाने करावं, आणि करताना एकाच कंदाची लाखभर रोपं काढू नयेत, ती सगळी एकसारखी होतील, एकाच रोगाने आडवी होतील, केळीत आपण ते भोगतोच आहोत. पाल, यावल, चोपडा असे वेगवेगळ्या जंगलातले डोळे घ्या आणि निम्मी रोपं परत तिथंच लावा.

कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीची, रोपं गेली की माझं शेडनेट मृगापर्यंत अर्धं रिकामंच असतं. एक कोपरा फुकट देतो, पाणीही माझंच.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. यावल, जि. जळगाव