मधल्या सुट्टीत तिथे कोण उभं असतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा सुरू होऊन महिना होत आला, की पहिली-दुसरीतल्या काही मुलांचं रोज सकाळी पोट दुखायला लागतं. रविवारी दुखत नाही. घरचे आधी जंताचं औषध देतात, मग रागावतात. अशा वेळी मुलाची पाण्याची बाटली बघावी. ती भरलेली परत येत असेल आणि मूल घरात शिरताच दप्तर टाकून संडासाकडे धावत असेल, तर शाळेच्या स्वच्छतागृहात काय चालतं याची चौकशी करायलाच हवी. मोठी मुलं बाहेरून कडी घालतात, वरून डोकावतात, चड्डी ओढतात. लहान मूल मग तिथे जाणंच टाळतं आणि लघवी लागू नये म्हणून पाणी पीत नाही. पुढे लघवीला जळजळ सुरू झाली की औषध मिळतं, कारण मात्र तसंच राहतं.

प्राथमिक शाळेतल्या दादागिरीबद्दल आम्ही काही निवृत्त शिक्षिका हे पत्र लिहीत आहोत, कारण 'मुलंच ती, भांडतात आणि एक होतात' या वाक्याखाली फार काही दडपलं जातं. भांडणात दोघंही चिडलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र खेळतात. दादागिरीत एकाचं पारडं कायम जड असतं, वयाने, अंगाने किंवा सोबत्यांमुळे. त्रास ठरवून दिला जातो आणि पुन्हा पुन्हा त्याच मुलाला दिला जातो. भांडण मुलांना मिटवता येतं. दादागिरी मोठ्यांनी मध्ये पडल्याशिवाय थांबत नाही.

'तुला कोण त्रास देतं?' असं थेट विचारलं की सहा-सात वर्षांचं मूल बहुधा 'कोणी नाही' म्हणतं. सांगितलं तर आणखी मार बसेल, ही भीती असते. त्यापेक्षा दिवसाच्या क्रमाने विचारावं: रिक्षात कुठे बसतोस, डबा कोणाजवळ बसून खातोस, शू करायला कोणाबरोबर जातोस? कागदावर शाळेचा ढोबळ नकाशा काढावा, फाटक, वर्ग, नळ, जिना, मैदान, आणि जिथे जायला आवडत नाही तिथे लाल खडूने खूण करायला सांगावी. नाव सांगायला घाबरणारं मूल जागा लगेच दाखवतं. नाव आपण सुचवू नये. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख, वेळ, जागा आणि कोणी पाहिलं यासह वहीत उतरवावं. आठवडाभराच्या नोंदींतून बहुतेक वेळा एकच जागा आणि एकच वेळ पुढे येते. मात्र जखम झाली असेल तर आठवडा थांबू नये. त्याच दिवशी फोटो काढावा, डॉक्टरांना दाखवावं आणि शाळेत जावं. गुप्तांगाला हात लावण्याचा प्रकार असेल तर मुलाला पुन्हा पुन्हा खोदून न विचारता लगेच 1098 या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन करावा.

'तूही दे एक ठेवून' हा सल्ला घरोघरी दिला जातो. तो फसतो, कारण समोरचा मोठा असतो आणि बाईंच्या नजरेला नेमका दुसरा फटका पडतो. त्याऐवजी घरी उभं राहून चार-पाच वेळा सराव करून घ्यावा: मोठ्या आवाजात 'थांब, मला हे नको', आणि लगेच बाईंकडे किंवा मावशींकडे चालू लागायचं. कोणत्या मावशी, कुठे बसतात, हे आधी दाखवून ठेवावं.

शाळेशी बोलताना फाटकावर घाईत सांगितलेली तक्रार बाईंच्या डोक्यात राहत नाही, तो त्यांचा दोषही नाही. अर्ध्या पानाचं पत्र द्यावं, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. त्यात दुसऱ्या मुलाला शिक्षा मागू नये. तीन गोष्टी मागाव्यात: त्या जागी मधल्या सुट्टीत कोण उभं राहील, वर्गात बसण्याची जागा कशी बदलेल, आणि पुन्हा कधी भेटायचं, ती तारीख. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या मुलाचं नाव टाकू नये आणि त्याच्या आईवडिलांना रस्त्यात गाठू नये. प्रकरण मोठ्यांच्या भांडणावर जातं आणि मुलाचं राहून जातं.

शाळांकडून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे दोघांना वर्गासमोर उभं करून 'सॉरी म्हण, हात मिळवा' सांगणं. पारडं मुळातच असमान असताना हा समेट नसतो. सुटल्यावर रिक्षात त्याची वसुली होते. आधी त्रास झालेल्या मुलाशी, मग पाहिलेल्या दोघा-तिघांशी, शेवटी त्रास देणाऱ्याशी, असं वेगवेगळं बोलावं. त्याला चापट मारून काही साधत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेला बंदी आहेच, शिवाय ताकदवानाने मारायचं असतं हेच तो पुन्हा शिकतो. हिसकावलेली वस्तू परत करणं, काही दिवस मधली सुट्टी बाईंच्या नजरेसमोर काढणं, एवढं पुरतं. आणि 'जबाबदारी दिली की सुधारेल' म्हणून त्याला मॉनिटर करू नये. फळ्यावर नाव लिहायचा अधिकार हातात आला की लहान मुलं त्याच्याबद्दल बोलणंच बंद करतात.

चिडवण्याचे शब्द कधी कधी शिक्षकांच्या तोंडूनच वर्गात येतात. 'आरटीईची मुलं उभी राहा' असं शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांना कागदपत्रांसाठी एकदा पुकारलं, की तो शिक्का वर्षभर टिकतो. 'ढोल्या', 'बुटकी' यांचंही तेच. असे कागद वर्गात न मागता पालकांकडून घ्यावेत.

बदलापूरच्या शाळेत 2024 मध्ये लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर सीसीटीव्ही आणि तक्रारपेटीवर शासनाने भर दिला. ते हवंच. पण कॅमेरा स्वच्छतागृहाच्या आत नसतो, नसावाही, आणि पहिलीतल्या मुलाला चिठ्ठी लिहिता येत नाही. त्यापेक्षा मधल्या सुट्टीचे दोन भाग करून प्रत्येक भागात दोन शिक्षक ठेवावेत, एक स्वच्छतागृहाच्या वाटेवर, दुसरे इमारतीच्या मागे. त्यांनी डबा उरलेल्या वेळात खावा. यासाठी पैसे लागत नाहीत. लागतं ते भिंतीवर लावलेलं नावांचं वेळापत्रक. शाळेच्या बसमध्ये मदतनीस असतो, रिक्षात कोणी नसतं. तिथे लहानांना चालकाजवळच्या बाजूला बसवायला पालकांनीच सांगावं.

आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्यावं, मग शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघाला. त्यापुढे गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. मुलाला भीती आणि दडपणापासून मुक्त ठेवणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्येच लिहिलेलं आहे, त्याचा उल्लेख अर्जात करावा. कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाला लेखी तक्रार करता येते आणि त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. पोच घेतलेल्या त्या पहिल्या पत्राची झेरॉक्स प्रत्येक अर्जाला जोडावी.

आपल्या विश्वासू,
काही निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा